वेल ओळखायचीय? मग फुलाचा रंग सगळ्यात शेवटी बघा

"ही कोणती वेल आहे?" असं विचारून लोक फोटो पाठवतात, आणि त्यात काय असतं तर एक फूल, एकदम जवळून काढलेलं, मागचं सगळं धूसर. फोटो म्हणून झकास, पण ओळखायच्या कामाचा जवळजवळ नाहीच. पान दिसत नाही, फुलाची मागची बाजू दिसत नाही, वेल कशाच्या जोरावर चढलीये ते दिसत नाही. हातात उरतो फक्त रंग, आणि वेलींच्या बाबतीत रंगाएवढी कच्ची साक्ष दुसरी नाही.

गोकर्ण घ्या. निळी असते, पांढरी असते, सिंगल असते, डबल असते, आणि सगळ्या एकाच जातीच्या. मधुमालतीचं फूल संध्याकाळी उमलतं तेव्हा पांढरं, नंतर गुलाबी, मग लाल, त्यामुळे एकाच घोसात तिन्ही रंग एका वेळी दिसतात. (पांढरं असताना रात्रीचे पतंग येतात, रंग चढला की दिवसाच्या माश्या-फुलपाखरं, म्हणजे एकाच फुलाची दोन शिफ्टमध्ये ड्युटी.) जपानी हनीसकलचं फूल पांढरं उमलतं आणि पिवळं होऊन सुकतं. आणि मॉर्निंग ग्लोरीची, म्हणजे त्या नरसाळ्यासारख्या फुलांच्या वेलीची, ती 'हेवनली ब्लू' नावाची प्रसिद्ध व्हरायटी आहे ना, तिची कळी जांभळट-लाल असते आणि उमलताना निळी होते, रंगद्रव्य तेच राहतं, फक्त पेशीतल्या रसाचा पीएच (आम्लतेचं माप) साधारण ६.६ वरून ७.७ वर जातो. आता सांगा, रंगावरून सुरुवात केली तर कुठे पोचणार?

म्हणून क्रम उलटा ठेवायचा. आधी वेल चढते कशी ते बघायचं, मग पानं, मग फुलाची रचना, जमलं तर फळ, आणि रंग शेवटी फक्त खात्री करायला.

चढण्याची पद्धत आधी का, तर ती वर्षभर दिसते, फुलं असोत नसोत, आणि अर्ध्याहून जास्त नावं तिथल्या तिथे बाद होतात. काही वेली खोडानेच आधाराला विळखे घालत जातात, जसं मॉर्निंग ग्लोरी, गोकर्ण, हनीसकल. काहींना तणावे असतात, म्हणजे त्या हिरव्या बारीक तारा ज्या कशाला तरी टेकल्या की वळून घट्ट धरतात. काही भिंतीला चिकटतात, कुणी खोडावर फुटलेल्या बारीक मुळांनी तर कुणी तणाव्याच्या टोकाच्या चिकट चकत्यांनी. आणि काही खरं म्हणजे चढतच नाहीत, नुसत्या रेलतात आणि काट्यांनी अडकून राहतात, बोगनवेल हे त्याचं सरळ उदाहरण.

तणावा आहे एवढं बघून थांबायचं नाही, तो फुटलाय कुठून हे बघायचं, कारण खरी माहिती तिथे आहे. कृष्णकमळाचा तणावा पानाच्या बेचक्यातून, म्हणजे देठ आणि खोड यांच्या मधल्या कोपऱ्यातून निघतो. द्राक्षाच्या कुळातल्या वेलींचा तणावा पानाच्या बरोबर समोरच्या बाजूने, म्हणजे एका सांध्यावर (खोडावर पान फुटतं त्या जागी) इकडे पान आणि तिकडे तणावा. वाटाण्यात आणि त्याच्या कुळातल्या काही वेलींत पानाचं टोकच तणावा बनतं. कळलावीत तर पान साधं, लांबट, आणि त्याचं निमुळतं टोक वळून काडी पकडतं, हे एकदा नीट पाहिलं की कळलावी फुलं नसतानाही ओळखू येते. घोटवेलीत पानाच्या देठाच्या बुडाशी दोन बाजूंना दोन तणावे. मोरवेलीत वेगळा तणावा नसतोच, पानाचा देठ स्वतःच आधाराला वेढा घालतो. आणि कोरल व्हाइन, ती गुलाबी फुलांच्या झुबक्यांची वेल, तिच्यात फुलांच्या दांडीचं टोक तणाव्यात संपतं. म्हणजे 'तणावा आहे' या एका वाक्यात निदान सहा वेगवेगळी कुळं लपलेली असतात, आणि तो कुठून फुटतो हे पाहिलं की ती सुटी होतात.

जाता जाता, दोन्ही टोकांनी पकडलेला तणावा जवळून बघा. अर्ध्यापर्यंत तो एका दिशेने वळलेला असतो, मग मध्ये एक छोटा सरळ तुकडा, आणि पुढे उलट्या दिशेने वळलेला. दोन्ही टोकं बांधलेली असताना एकाच दिशेने वळत राहिलं तर पीळ बसून तुटेल, म्हणून हा उपाय. डार्विनने चढणाऱ्या वेलींवर १८६५ मध्ये सविस्तर लिहिलं त्यात याचाही खुलासा आहे. ओळखायला याचा उपयोग शून्य, पण बघाच.

खोडाने विळखे घालणाऱ्या वेलींमध्ये दिशा बघायची. समोर उभं राहून बघा, आधाराच्या पुढच्या बाजूने जाणारं खोड डावीकडून खालून उजवीकडे वर जातंय का उजवीकडून खालून डावीकडे वर? पहिला प्रकार म्हणजे साध्या स्क्रूचे आटे जसे दिसतात तसा, आणि बहुतेक वेली याच प्रकारच्या, मॉर्निंग ग्लोरी त्यातलीच. हनीसकल उलटी जाते. ही दिशा जातीनुसार ठरलेली असते, ऊन कुठून येतं किंवा वेल उत्तर गोलार्धात आहे का दक्षिण, याने काही फरक पडत नाही, आणि हाताने उलटी गुंडाळलीत तर नवी फूट परत स्वतःच्याच दिशेने जाते. विस्टेरिया नावाची जांभळ्या घोसांची वेल आहे, तिच्या चिनी आणि जपानी जाती दिसायला इतक्या सारख्या की भले भले गोंधळतात, पण चिनी जात स्क्रूच्या दिशेने चढते आणि जपानी उलट. फुलं नाहीत, पानं गळालीत, नुसतं खोड आहे, तरी दोघींतली कोणती ते सांगता येतं! (फक्त दोघींचा संकर समोर असेल तर एवढ्यावर अवलंबून राहू नका.)

आता पानं. इथे पहिला प्रश्न एकच: एका सांध्यावर पानं किती? एक असेल आणि पुढच्या सांध्यावर दुसऱ्या बाजूला एक, तर एकाआड एक. दोन समोरासमोर असतील तर जोडीने. तीन-चार एकाच सांध्याभोवती असतील तर चक्राकार. हे इतकं साधं आहे की लोक बघतच नाहीत, आणि इतकं पक्कं आहे की यावरून कुळंच्या कुळं वेगळी होतात. जाई-जुई, हनीसकल, मोरवेल या जोडीवाल्या. मॉर्निंग ग्लोरी, गोकर्ण, कृष्णकमळ एकाआड एक. अलमांडा, म्हणजे ती मोठ्या पिवळ्या घंटांची वेल, बहुतेक सांध्यांवर तीन-चार पानांची. मात्र शेंड्यावरची पानं दाटीने असतात आणि तिथे फसायला होतं, म्हणून मधल्या, बऱ्यापैकी वाढलेल्या फांदीवर बघायचं.

दुसरा प्रश्न, ज्यात सगळे अडकतात: हे एक पान आहे का अनेक पानं? गोकर्णाच्या एका पानाला साधारण पाच ते सात छोटी पानं असतात, त्यांना पर्णिका म्हणतात, आणि ती सगळी मिळून एक पान. विस्टेरियाच्या एका पानाला तर दहा-पंधरा पर्णिका, नवख्याला ती अख्खी फांदीच वाटते. यावर उपाय म्हणजे डोळा शोधायचा, बागकाम करणारे ज्याला डोळा म्हणतात तो, बेचक्यातला छोटासा फुगवटा जिथून नवी फूट येते. खऱ्या पानाच्या देठाशी, जिथे तो खोडाला जुळतो तिथे, डोळा असतो. पर्णिकेच्या बुडाशी कधीच नसतो. छोट्या पानाच्या बुडाशी नजर टाका, काही नाही? मग आणखी मागे या, डोळा सापडेपर्यंत, आणि तो सापडला तिथून पुढचं सगळं मिळून एक पान.

मग चीक. पानाचा देठ किंचित तोडायचा आणि पांढरा चीक येतो का बघायचं. अलमांडा, मँडेव्हिला, स्टार जॅस्मिन, या सगळ्या एकाच कण्हेरीच्या कुळातल्या आणि सगळ्यांना चीक. मॉर्निंग ग्लोरीच्या नात्यातल्याही बऱ्याच वेलींना येतो. जाई-जुईला येत नाही. हात मात्र लगेच धुवा आणि तोवर डोळ्यांना लावू नका, बरेचसे चीक चांगलेच झोंबतात.

फुलाकडे आलो आता. फूल ओळखायचं म्हणजे समोरून बघणं नाही, उलटं करून बघायचं आणि मग फाडून आत बघायचं. एखादं गळलेलं किंवा जास्तीचं फूल घ्या आणि अजिबात हळहळू नका. मागून बघायचं ते पाकळ्यांखालच्या हिरव्या भागासाठी, म्हणजे निदलांसाठी: किती आहेत, सारखी आहेत का लहानमोठी, आणि त्याच्याही बाहेर आणखी काही पानासारखं आहे का. पाकळ्या सुट्या आहेत का खाली जुळून नळी झालीये. आणि मग सगळ्यात महत्त्वाचं, पुंकेसर, म्हणजे पराग धरणारे ते बारीक दांडे, मोजायचे. लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १७३५ मध्ये फुलझाडांची जी मांडणी केली ती मुख्यतः पुंकेसरांच्या मोजणीवरच होती. आज ती मांडणी कुणी वापरत नाही, नातं आता डीएनएवरून ठरतं, पण ओळखायला ती मोजणी अजून तितकीच कामाची.

एक जोडी जवळून बघू म्हणजे कळेल. मॉर्निंग ग्लोरी आणि थनबर्जिया, म्हणजे ती मोठ्या निळ्या फुलांची, कमानीवर चढवतात ती. दोन्हींची फुलं निळसर, दोन्ही नरसाळ्याच्या आकाराची, दोन्हींची पानं बऱ्यापैकी रुंद आणि बुडाशी हृदयासारखी, दोन्ही खोडाने विळखे घालणाऱ्या. समोरून काढलेल्या फोटोत एकमेकींच्या नावावर सहज खपतात. आता फूल उलटं करा. मॉर्निंग ग्लोरीला पाच निदलं, एकमेकांवर चढलेली, बऱ्याचदा लहानमोठी. थनबर्जियाला मागे दोन मोठी हिरवी सहपत्रं, म्हणजे फुलाबाहेरची ती पानासारखी अंगं, असतात, ती नळीच्या बुडाला दोन्ही बाजूंनी झाकतात, आणि ती बाजूला केली की निदलं जवळजवळ नाहीतच, नुसती एक बारीक कड. नळी नखाने उभी चिरा. मॉर्निंग ग्लोरीत पाच पुंकेसर, लांबीला कमीजास्त, बुडाशी सहसा लव असलेले. थनबर्जियात चारच, दोन लांब दोन आखूड. पाकळ्यांची कड बघा: मॉर्निंग ग्लोरीत कड जवळजवळ अखंड आणि आत पाच पट्ट्यांची चांदणी दिसते, कारण कळीत ती घड्या घालून पिळलेली असते, तर थनबर्जियात पाच वेगळे गोलसर भाग स्पष्ट दिसतात. आणि हे सगळं करायचा कंटाळा आला तर नुसती पानं बघा, मॉर्निंग ग्लोरीची एकाआड एक, थनबर्जियाची जोडीने. एका सेकंदात निकाल. मी तर म्हणेन फोटोत फूल नसलं तरी चालेल, पण एक सांधा पाहिजेच.

पांढऱ्या सुगंधी फुलांचा गोंधळ याहून मोठा, कारण वास आला की माणूस लगेच जाई-जुई म्हणून मोकळा होतो. जाई, जुई, मोगरा या खऱ्या जॅस्मिन वंशातल्या, आणि यांची खूण म्हणजे पुंकेसर फक्त दोन. पाकळ्या मोजून उपयोग नाही, त्या चारपासून नऊपर्यंत कितीही असू शकतात, पण नळी चिरली की आत दोनच. स्टार जॅस्मिन नावात जॅस्मिन असूनही त्या वंशाची नाही: चीक येतो, पुंकेसर पाच, आणि पाचही पाकळ्या एकाच बाजूला पिळ दिल्यासारख्या कललेल्या. मोरवेलीच्या काही जाती पांढऱ्या आणि वासाच्या, पण त्यांना नळीच नसते, चार सुट्या पाकळ्या (खरं म्हणजे त्या पाकळ्यांसारखी दिसणारी निदलं) आणि मधे पुंकेसरांचा झुबका, मोजायचं कामच नाही. हनीसकलचं फूल दोन ओठांचं, वरच्या ओठाला चार भाग आणि खालचा एकच, आणि जपानी हनीसकलमध्ये फुलं बेचक्यात जोडीजोडीने येतात. मधुमालतीला लांब बारीक नळी, पाच पाकळ्या आणि दहा पुंकेसर.

मोगऱ्यासारखं डबल फूल असेल तर पुंकेसर मोजायचा नाद सोडा. डबल फुलांमध्ये जादा पाकळ्या बऱ्याचदा पुंकेसरांपासूनच झालेल्या असतात, त्यामुळे आत काहीच धड सापडत नाही आणि उगाच डोकं फिरतं. तिथे पान आणि खोडावरच भिस्त.

पिवळ्यांमध्ये अलमांडा आपण पाहिली, चक्राकार पानं आणि चीक. मांजरनखी म्हणतात त्या कॅट्स क्लॉ वेलीची फुलंही पिवळी आणि तुतारीसारखी, पण तिचं पान बघा: दोन पर्णिका आणि त्यांच्या मधोमध तीन बारीक वाकड्या नख्या. तिसऱ्या पर्णिकेच्या जागी नख्या आल्यात, आणि त्यांनीच ती भिंतीवर, झाडाच्या सालीवर चढते. अशी खूण दिसली की पुढे वाचायची गरज नाही.

गोकर्ण गंमतशीर आहे म्हणून तिच्यावर दोन ओळी जास्त. वाटाण्याच्या कुळात फुलाला पाच पाकळ्या: एक मोठी वर ध्वजासारखी उभी, दोन बाजूला पंख, आणि दोन खाली जुळून होडी झालेली, ज्यात पुंकेसर लपलेले. गोकर्णात हे अख्खं फूल उलटं असतं, मोठी पाकळी खाली आणि होडी वर. म्हणजे मध प्यायला उतरणारी माशी मोठ्या पाकळीवर बसते आणि तिच्या पाठीला पराग लागतो. पुंकेसर दहा, त्यातले नऊ जुळलेले आणि एक सुटा, ही त्या कुळातल्या बऱ्याच वेलींची ठरलेली मांडणी. आणि चपटी शेंग आली की शंकाच उरत नाही.

बोगनवेलीबद्दल एवढंच, की जे रंगीत दिसतं ते फूल नव्हेच, ती तीन सहपत्रं. फूल म्हणजे त्यांच्या आतली ती बारीक फिकट नळी, आणि तिला तर पाकळ्याच नसतात.

फळ मिळालं तर सोडू नका. जाईला छोटं काळं रसाळ फळ, स्टार जॅस्मिनला लांब शेंगांची जोडी आणि आत रेशमी शेंडीच्या बिया, अलमांडाला काटेरी बोंड, मधुमालतीला पाच कडांचं फळ, थनबर्जियाला चोच असलेलं गोल बोंड, मांजरनखीला हातभर लांब बारीक शेंग. फुलावरून दोन नावांत अडकलात तर फळ निकाल लावतं, म्हणून वेलीकडे दोन महिन्यांनी परत जाऊन बघणं हा आळशी पण खात्रीचा उपाय.

एक मोठा सापळा राहिला. काही वेलींची लहानपणची आणि मोठेपणची पानं इतकी वेगळी असतात की दोन जाती वाटाव्यात. आयव्ही हे ठळक उदाहरण: भिंतीला चिकटून चढणाऱ्या फांद्यांची पानं खाचांची, त्यांना चिकटणारी मुळं, आणि वर उन्हात पोचल्यावर येणाऱ्या फांद्यांची पानं बिनखाचांची, मुळं नाहीत, आणि फुलं फक्त त्यांनाच. भिंतीवर चढणारा तो छोट्या पानांचा फायकसही असाच. म्हणून एकच पान बघून निर्णय नको, खालची फांदी आणि वरची फांदी दोन्ही बघा.

आणि चाखून बघू नका, काहीही झालं तरी. कळलावी मुळापासून बीपर्यंत विषारी, तिच्यात कोल्चिसिन असतं. गुंजेच्या बीमध्ये अब्रिन. कॅरोलिना जेसमिन नावाची पिवळ्या सुगंधी फुलांची वेल पूर्ण विषारी आहे, आणि नेमकी तीच हनीसकल समजून लोक फुलातला मध चोखायला जातात. तिचं फूल दोन ओठांचं नसतं, पाच सारखे भाग असतात, म्हणजे बघायची सवय असली तर फरक दिसतो, पण जिभेने प्रयोग करण्याचं कारणच काय.

फोटो काढायचेच असतील तर असे काढा: एक लांबून, चढण्याची पद्धत दिसेल असा, एक सांध्याचा जवळून, एक पूर्ण पानाचा देठासकट आणि एक त्याच पानाचा मागून, एक फूल समोरून, एक बाजूने नळी दिसेल असं, एक मागून, आणि एक चिरलेलं. शेजारी पट्टी ठेवलीत तर फारच उत्तम. फोटोवरून नाव सांगणारी अॅप्स आहेत, वापरा जरूर, पण त्यांनी दिलेलं नाव म्हणजे अंदाज समजायचा आणि मग पानांची मांडणी, चीक, पुंकेसर हे त्या नावाशी जुळतात का ते स्वतः तपासायचं. अॅपला चीक दिसत नाही.

एवढं करूनही काही वेळा जातीपर्यंत पोचता येत नाही. बागेत लावलेल्या बोगनवेली आणि मोठ्या फुलांच्या क्लेमॅटिस (मोरवेलीच्याच वंशातल्या) बहुतेक संकरित, दोन-तीन जातींची पिढ्यान् पिढ्या सरमिसळ झालेल्या, त्यामुळे त्यांना एका जातीचं नाव चिकटवायला गेलं की काही खुणा जुळतात आणि काही हट्टाने जुळत नाहीत. तिथे वंशाचं नाव सांगायचं, माहीत असेल तर व्हरायटीचं सांगायचं, आणि थांबायचं.